लेकरू खात नाही, की त्याचं पोट आधीच भरलेलं असतं?

"आमचं लेकरू काहीच खात नाही वो!" हळदी-कुंकू असो, भिशी असो की अंगणवाडीतला वजनाचा दिवस, दीड-दोन वर्षांच्या मुलाची आई भेटली की हे वाक्य ऐकायला मिळतंच. आणि त्याच्या मागोमाग दुसरंही येतं. ते सासूबाईंचं असतं, नणंदेचं असतं, नाहीतर शेजारणीचं. "हिला भरवताच येत नाही, माय!" झालं! लेकराच्या ताटावरून आईची परीक्षा झाली आणि ती नापासही झाली.

मैत्रिणींनो, मला या निकालाबद्दलच बोलायचं आहे. लेकरू जेवत नाही याचा दोष एकट्या आईच्या माथी मारणं मला मुळीच पटत नाही. आणि एखादी नवी रेसिपी केली की ते मुकाट्यानं जेवायला लागेल, हेही खरं नाही. आधी बघायला हवं ते हे की दिवसभरात त्याच्या पोटात काय काय जातं आणि ते कोण कोण देतं.

अमरावतीच्या वस्त्यांमध्ये, आणि माहेरी अकोल्याला गेले की तिथल्या बायकांनाही, मी एक छोटंसं काम सांगते. एक दिवस वही घ्या आणि सकाळपासून रात्रीपर्यंत लेकराच्या तोंडात जे जे गेलं ते लिहा. अगदी चिमूटभर असलं तरी लिहा. या वह्या पुष्कळदा सारख्याच निघतात. सकाळी आजोबांच्या कपातला चहा आणि त्यात बुडवलेली चार बिस्किटं. नऊ वाजता दूध. अकरा वाजता किराणा दुकानातलं पाच रुपयांचं चटपटीत पाकीट, कारण काका कडेवर घेऊन फिरायला गेले होते. बारा वाजता वरण-भात, दोन घास, मग तोंड फिरवलं. तीनला पुन्हा दूध, चॉकलेटची पावडर घातलेलं. संध्याकाळी बाबांनी आणलेला केक. आणि रात्री पोळी-भाजीला "नको!" आता सांगा, हे लेकरू खात नाही म्हणायचं की त्याचं पोट आधीच भरलेलं आहे म्हणायचं? त्या वहीत आईनं रांधलेलं फक्त दोनदा असतं. बाकीचं सगळं इतरांच्या प्रेमाचं!

आणखी एक गोष्ट घरातल्या मोठ्यांनीही समजून घ्यायला हवी. अडीच-तीन किलोचं जन्मलेलं बाळ वर्षाचं होईपर्यंत साधारण तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात मात्र त्याचं वजन जेमतेम दोन-अडीच किलोनं वाढतं. वाढीचा वेग कमी झाला की भूकही कमी होते. हा निसर्गाचाच हिशेब आहे. "मागच्या वर्षी कसं वाटीभर खायचं, आता काय झालं?" असं म्हणून आपण घाबरतो आणि काहीतरी पोटात जावं म्हणून बिस्किटाचा पुडा फोडतो. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

बिस्किटानं पोट भरतं, पण अंग भरत नाही. चहामुळे तर जेवणातलं लोहसुद्धा अंगी नीट लागत नाही. दूध चांगलंच, पण वर्षाच्या पुढच्या मुलाला दिवसाला दोन कप पुरे. बाटली बाटली दूध प्यायलेलं मूल जेवणार कसं? आणि दुधात लोह फार थोडं असतं. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. शंभरात जवळजवळ एकोणसत्तर! ही सगळी काही गरिबाघरची मुलं नाहीत. यात आपल्या कॉलनीतली, फ्लॅटमधली गुबगुबीत मुलंही आली.

कुपोषण म्हटलं की आपल्याला अमरावती जिल्ह्यातला मेळघाट आठवतो. १९९३ पासून धारणी-चिखलदऱ्याच्या बातम्या आपण वाचत आलो आणि हळहळलो. त्याच मेळघाटासारख्या आदिवासी भागांसाठी सरकारची डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे. २०१५ मध्ये ती गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण देण्यासाठी सुरू झाली. २०१६ पासून तिच्यात सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळी देण्याची सोय झाली. बघा हं, कुपोषणाशी लढताना सरकारनं काय निवडलं? अंडं आणि केळं! आणि आपण बाजारपेठ हाताशी असताना लेकराच्या हातात काय देतो? पाकीट! पाच रुपयांच्या दोन पाकिटांत एक अंडं नाहीतर दोन केळी येऊ शकतात, हा हिशेब काही कठीण नाही.

मग करायचं काय? एलिन सॅटर नावाच्या अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ बाईंनी फार सोपी वाटणी सांगितली आहे. काय द्यायचं, केव्हा द्यायचं आणि कुठे बसून द्यायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती खायचं, हे लेकरानं ठरवायचं. आपण नेमकं उलटं करतो. काय खायचं ते लेकरू दुकानासमोर हट्ट करून ठरवतं, आणि किती खायचं ते आपण मांडीत दाबून ठरवतो!

म्हणून दिवसाच्या वेळा बांधा. तीन जेवणं आणि मधे दोन वेळा थोडं खाणं. त्या मधल्या काळात फक्त पाणी. सगळ्यांच्या पंगतीत त्यालाही छोटी ताटली द्या, सांडू द्या, हात बरबटू द्या. मोबाइल बंद. गाणी बघत गिळलेल्या घासाची ना चव कळते, ना पोट भरल्याचं कळतं. नवी भाजी पहिल्यांदा थुंकली म्हणून ती कायमची नावडती ठरवू नका. एकच पदार्थ आठ-दहा वेळा पुढे आला की मग कुठे मुलं तो स्वीकारतात. चमचाभरच वाढा, आग्रह करू नका, चार दिवसांनी पुन्हा वाढा.

आणि वेगळा स्वयंपाक तर मुळीच करू नका. आपल्या वऱ्हाडी फोडणीत तिखटाचा हात सढळ असतो, तेव्हा तिखट टाकण्याआधी लेकराची वाटी बाजूला काढा, एवढंच. हे काही सोपे प्रकार:

ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून त्यात ताक, जिरं आणि वरून तूप.

तुरीच्या वरणात डाळ शिजतानाच मूठभर पालक. मऊ भातावर हे वरण, तूप आणि लिंबाचे दोन थेंब. लिंबामुळे लोह अंगी लागायला मदत होते.

भिजवलेल्या मुगाच्या डाळीची रुपयाएवढी धिरडी, त्यात किसलेलं गाजर. लेकराला स्वतःच्या हातानं उचलता येतात, म्हणून आवडतात.

सकाळच्या पोळीचा कुस्करा, त्यात दाण्याचा बारीक कूट, थोडा गूळ आणि तूप. लाडू वळून द्या. हा मधल्या वेळी बिस्किटाच्या जागी.

घरात चालत असेल तर अंड्याची मऊ भुर्जी, पोळीच्या तुकड्यासोबत. हिवाळ्यात ओल्या तुरीचे सोले वाटून केलेली पातळ भाजी.

आणि वरूड-मोर्शीची संत्री! बिया आणि वरची साल काढून फोडीचे बारीक तुकडे द्या. अख्खे दाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं मात्र लहान मुलांच्या हाती देऊ नका, घशात अडकतात.

आता काळजी कधी करायची? अंगणवाडीत दर महिन्याला वजन करा आणि कार्डावरची रेषा बघा. रेषा वर चढते आहे आणि लेकरू खेळतंय, हसतंय, तर दोन घास कमी-जास्त झाले तरी बिघडत नाही. पण वजन दोन-तीन महिने वाढलंच नाही, लेकरू मलूल पडतंय, माती खातंय, गिळताना अडकतंय, वारंवार जुलाब होताहेत, तर घरगुती उपाय करत बसू नका. डॉक्टरांना दाखवा.

हे सगळं एकट्या आईनं ठरवून होणार नाही, हे मला ठाऊक आहे. तिनं पाकीट नाही म्हटलं की "कंजूष आहे", "लेकराला तरसवते" असं ऐकावं लागते. एका सुनेनं मला सांगितलं, "काकू, मी बिस्किट बंद केलं तर बाबूजी लपवून देतात. मी काय बोलू?" तिनं खरंच काय बोलावं? बोलायला हवं ते तिच्या नवऱ्यानं. आजोबांना नातवाला काही द्यायचंच असेल, तर रोज संध्याकाळी एक केळं घेऊन यावं. नातवाला आजोबांचा खाऊ मिळेल आणि रात्रीची भूकही राहील.

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या रविवारी ती वही भरा. मात्र स्वतःजवळ ठेवू नका. रात्री सगळे जेवायला बसले की मोठ्यानं वाचून दाखवा. कोणी काय दिलं ते सगळ्यांना आपोआप कळेल, तुम्हाला कोणाला बोलावंही लागणार नाही. आणि सोमवारपासून दुकानातलं पाकीट घरात आणायचं नाही, हे सगळ्यांच्या तोंडून वदवून घ्या.