कुंडीला भोक असते, वावराला नसते



गेल्या हंगामात तालुक्याच्या कृषी केंद्रात युरियाची दोन पोती मागितली. दुकानदाराने पोत्यांच्या जोडीला नॅनोच्या दोन बाटल्या ठेवल्या. नको म्हटले तर म्हणाला, ‘मग पोतीही नाहीत.’ वर उपदेश केला : ‘काका, तुमची जमीन खारवट. तिला नॅनोच पाहिजे. खाऱ्या मातीत शोभेची झाडं हिरवीगार होतात यानं, तुमच्या पऱ्हाटीचं काय घेऊन बसलात?’

बाटल्या आणल्या, पैसे मोजून. पण शोभेच्या झाडांची गोष्ट डोक्यातून गेली नाही. ती खोटी नाही, म्हणूनच तिचा हिशेब नीट मांडला पाहिजे.

इजिप्तसारख्या कोरड्या देशांत असे प्रयोग होतात. तिथे गोडे पाणी मोजके आणि शहरांना सावली हवी. म्हणून शोभेच्या झाडांच्या रोपांना खारे पाणी घालतात, पानांवर नॅनो खत फवारतात आणि रोप किती तग धरते ते पाहतात. त्या संशोधकांशी आपले भांडण नाही. पण ते मोजतात काय? उंची, पानांची संख्या, पानांचा हिरवेपणा. शोभेचे झाड हिरवे दिसले की त्याचे काम झाले. त्याला बोंड धरायचे नाही, कणीस भरायचे नाही, सोसायटीचे कर्ज फेडायचे नाही.

दुसरी गोष्ट. रोप कुंडीत असते आणि कुंडीला बुडाशी भोक असते. पाणी घातले की मीठ खाली निघून जाते. आपल्या वावराला असे भोक नाही.

पूर्णेचा खारपाणपट्टा म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाणा या ३ जिल्ह्यांतला सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा मुलूख. वर काळी चिकण माती, खाली खारे पाणी. विहीर खणली तर पाणी लागते, पण पिकाला द्यावे तर जमीनच बिघडते. इथला खरा वैरी सोडियम. तो चिकणमातीचे कण विसकटतो, कण मातीच्या बारीक छिद्रांत बसतात आणि पाणी मुरायचे थांबते. जमीन चोपण होते : ओली असताना चिकट, वाळली की दगड. चोपण जमीन ओळखायला सर्वसाधारणपणे विनिमयक्षम सोडियम १५ टक्के धरतात. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकातच दाखवून दिले की पूर्णेच्या मातीत ५ टक्क्यांपासूनच बिघाड सुरू होतो.

मीठ सोसण्यात कपाशी आणि ज्वारी ही कच्ची पिके नाहीत. चोपण वावरात ती मार खातात ते पाणी साचून मुळांना हवा मिळत नाही म्हणून. मी बाटली फवारली. पाने आठवडाभर उजळ दिसली. जिथे पाणी तुंबले होते तिथली पऱ्हाटी मात्र पिवळी पडली ती पडलीच. पानावरचा थेंब मातीतला सोडियम हलवत नाही. त्याला कॅल्शियम लागते, म्हणजे जिप्सम. ते टनांनी मोजतात, मिलिलिटरने नाही. आणि सुटलेला सोडियम धुऊन न्यायला गोडे पाणी व निचऱ्याची चर लागते.

फवारणीचा काहीच उपयोग नाही असेही नाही. चोपण जमिनीत जस्त आणि लोह मातीत अडकून पडतात, मुळांना मिळत नाहीत; तेव्हा पानावाटे दिलेले लागू पडते. पण हे काम साधे झिंक सल्फेटही करते. मग हिरवेपणाचे श्रेय नॅनोचे की नुसत्या जस्ताचे? दोन्ही शेजारी शेजारी फवारल्याशिवाय कसे कळणार?

आता पोत्याचा हिशेब. ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे २० किलो ७०० ग्रॅम. २०२१ मध्ये इफकोने आणलेल्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत ४ टक्के, म्हणजे २० ग्रॅम. तेव्हा किंमत होती २४० रुपये. आणि दावा असा की एक बाटली म्हणजे एक पोते! युरिया दोन तृतीयांश वाया जातो म्हणता? मान्य. तरी पोत्यातून पिकाला ६ किलो ९०० ग्रॅम मिळतात. २०२४ मध्ये ‘नॅनो युरिया प्लस’ आला, त्यात २० टक्के म्हणजे १०० ग्रॅम. बाटली पाचपट झाली, तरी पोत्याच्या पासंगाला पुरत नाही.

इफको सांगते : ११,००० शेतांवर, ९४ पिकांवर चाचण्या झाल्या आणि उत्पन्न सरासरी ८ टक्के वाढले. पंजाब कृषी विद्यापीठाने दोन वर्षे शेतात चाचणी घेतली : भात १३ टक्के घटला, गहू २१.६ टक्के. ती तर ओलिताची, कसदार जमीन. खारपाणपट्ट्यातल्या कोरडवाहू कास्तकाराने कोणाच्या भरवशावर पोते सोडायचे?

नव्या तंत्राला आपला विरोध नाही. चांगले असेल तर आपण रांग लावून घेऊ. विरोध आहे तो गळ्यात मारण्याला. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून हे लिंकिंग थांबवायला सांगितले. मंत्र्याला पत्र लिहावे लागले यातच सारे आले. जो माल चांगला, त्याला पोत्याचे शेपूट धरून बाजारात यावे लागत नाही.

जिल्हा बैठकीत या मागण्या एकमुखाने मांडू :

१. खताच्या पोत्यासोबत बाटली बांधणाऱ्या दुकानदारावर आणि त्याला तसा माल पाठवणाऱ्यावरही कारवाई झाली पाहिजे.

२. खारपाणपट्ट्यात शेतकऱ्याच्या वावरात चाचणी घ्या. एका पट्ट्यात नॅनो, दुसऱ्यात साधे झिंक सल्फेट, तिसऱ्यात जिप्सम, चौथ्यात काहीच नाही. वेचणीनंतर कापूस आणि मळणीनंतर ज्वारी काट्यावर ठेवा. पानांचा रंग सांगू नका.

३. नॅनोच्या प्रचाराला पैसा आहे, तर जिप्सम, शेततळे आणि निचऱ्याच्या चरांना का नाही? तो द्या.

तोवर बाटली नाकारा. पोते अडवले तर पक्के बिल मागा, तक्रार लेखी द्या आणि तिची प्रत बैठकीला आणा. एकट्याला दुकानदार ‘काका’ म्हणून गुंडाळतो. पन्नास जण काउंटरपुढे उभे राहिले की पोती निघतात.

— खारपाणपट्ट्यातला एक कास्तकार