भूक मारणारी सुई आणि कष्टकऱ्याचे ताट

कन्हेरीत एका बैठकीनंतर एका भगिनीने आम्हाला विचारले, "वकीलसाहेब, बारीक व्हायचं इंजेक्शन निघालंय म्हणं. ते घेतलं की पथ्य नाय पाळलं तरी चालतं का?" ताईंचे वजन वाढलेले, गुडघे धरलेले, त्यात मधुमेह. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

सेमाग्लुटाईड आणि टिर्झेपेटाईड ही ती औषधे. वजन घटवण्यासाठी ती 2025 साली भारतीय बाजारात आली. ती भूक कमी करतात, एवढे खरे. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सेमाग्लुटाईड घेणाऱ्यांचे वजन 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्के घटले. पण त्यांना कमी उष्मांकाचा आहार आणि आठवड्याला 150 मिनिटे व्यायामही सांगितला होता. औषध आणि मार्गदर्शन दोन्ही थांबल्यावर घटलेले दोन तृतीयांश वजन वर्षभरात परत आले. गावात पोहोचते ती फक्त सुईची बातमी. पथ्याची बातमी वाटेतच गळते!

आणखी एक धोका आहे. चरबीबरोबर स्नायूही झिजतात. ज्याचे पोट मनगटावर चालते, त्याचे स्नायू हेच त्याचे भांडवल. म्हणून चार घास कमी खाताना त्यात डाळ, मटकी, अंडी, मासळी हवीच. आणि इथेच व्यवस्थेचे पितळ उघडे पडते. 2013 चा अन्नसुरक्षा कायदा माणशी 5 किलो धान्याचा हक्क देतो, डाळीचा देत नाही. मग गरिबाने पथ्य पाळायचे कशावर?

संयुत्त निकायात कोसलराजा पसेनदीची कथा आहे. राजा द्रोणभर भात खाऊन धापा टाकत तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला भोजनाची मात्रा सांगितली. सुदस्सन नावाचा तरुण रोज जेवताना राजाला त्याची आठवण देई. राजाचा आहार हळूहळू उतरला, शरीर हलके झाले. उपदेश एकदाच झाला होता. आठवण मात्र रोज होती.

आजच्या रुग्णाला असा सुदस्सन कुठे आहे? सरकारी दवाखान्यात आहारतज्ज्ञ हवा, रेशनवर डाळ हवी, ही आमची मागणी आहे. आणि बांधवांनो, ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकणे बेकायदेशीर आहे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर एकदम खाली जाऊ शकते. कुणी चिठ्ठीविना सुई देऊ केली, तर घेऊ नका; अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा. अर्ज लिहून द्यायला आम्ही बसलो आहोत.