नाण्यावरची रेघ आणि लाखांचे आमिष



मागच्या वर्षी सातवीतला एक मुलगा दोन रुपयांचे नाणे घेऊन माझ्याकडे आला. नाण्यावरच्या आकड्यापासून कडेपर्यंत एक बारीक रेघ गेली होती. "सर, हे एरर कॉइन आहे. याचे दोन लाख मिळतात!" मला हसू आले, पण पुढचे ऐकून ते थांबले. मोबाइलवरचा व्हिडिओ पाहून त्याच्या वडिलांनी एका नंबरवर फोन केला होता आणि 'नोंदणी फी' म्हणून दीड हजार रुपये भरूनही टाकले होते. ते गेले ते गेलेच. त्या घरात दीड हजार म्हणजे तीन-चार दिवसांची मजुरी.

मला विचाराल तर यात वडिलांपेक्षा आम्हा शिक्षकांची चूक जास्त आहे. नाणे रोज मुलांच्या हातात असते, पण ते बनते कसे हे आपण कधी सांगतच नाही.

टांकसाळीत धातूची कोरी चकती दोन पोलादी ठशांमध्ये ठेवून प्रचंड दाबाने छापतात. या ठशाला 'डाय' म्हणतात. डायवर जे खोल कोरलेले असते, ते नाण्यावर उठून दिसते. सतत दाब सोसून कधी कधी डायलाच तडा जातो. मग छापताना धातू त्या भेगेत शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ उमटते. हाच 'डाय क्रॅक'. घरी मोदकाचा साचा चिरला असेल तर आठवून बघा. प्रत्येक मोदकावर त्याच जागी तशीच रेघ येते, नाही का?

आता तुमच्या हातातले नाणे कसे ओळखाल?

पहिली गोष्ट, रेघ उंच आहे की खोल ते बघा. नाणे खिडकीपाशी तिरके धरा, भिंग असेल तर उत्तमच. रेघ खोल असेल तर तो नुसता ओरखडा. ओरखड्याच्या काठालाही थोडा धातू वर येतो, पण त्याच्या शेजारी चर असतोच. डाय क्रॅकजवळ असा चर नसतो.

दुसरी गोष्ट, रेघेची चाल बघा. तडा बहुधा वेडावाकडा जातो. अनेकदा तो कडेपासून किंवा एखाद्या अक्षरापासून निघतो, कधी त्याला फाटेही फुटतात. कडेजवळ डायचा तुकडाच निघून गेला असेल, तर त्या जागी नक्षी गायब होऊन नुसता धातूचा फुगवटा दिसतो.

तिसरी गोष्ट, जोडीदार शोधा. सालाखालची खूण बघा: हिऱ्याचा आकार म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा आणि खूण नसेल तर कोलकाता. त्याच सालच्या, त्याच टांकसाळीच्या दुसऱ्या नाण्यावर त्याच जागी तीच रेघ सापडली, तर तो डायचाच तडा समजा.

आणि नेमके इथेच लाखांचे गणित कोसळते. तडा गेलेली डाय बदलेपर्यंत तिच्यातून निघणाऱ्या प्रत्येक नाण्यावर ती रेघ येते. म्हणजे तुमच्या नाण्याची भावंडे बाजारात भरपूर असू शकतात. बारीक रेघेच्या नाण्याला दर्शनी किमतीपेक्षा फारसे जास्त मिळत नाही. मोठा तुकडा निघालेल्या डायच्या नाण्याला संग्राहक थोडे अधिक देतात, पण त्यासाठी ते तुमच्याकडून फी मागत नाहीत. विकत घेणारा पैसे देतो, मागत नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. रिझर्व्ह बँकेनेही ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना सावध केले होते की, जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी बँकेचे नाव वापरून कमिशन किंवा फी मागितली जाते. बँक असा व्यवहार करत नाही.

काही जण म्हणतील, "सर, हे अभ्यासक्रमात कुठे आहे?" दाब आणि धातूचे गुणधर्म विज्ञानात आहेत, नफा-तोटा गणितात आहे. मग हे सगळे एका नाण्यावर शिकवायला काय हरकत आहे? मुलांना घरातली दहा-दहा नाणी आणायला सांगा. साल, टांकसाळ आणि रेघ यांचा तक्ता करू द्या. फक्त चिंच लावून नाणी घासू नका, त्याने नवे ओरखडे पडतात.

त्या मुलाचे नाणे आम्ही वर्गात भिंगाखाली पाहिले. रेघ उंच होती, शेजारी चर नव्हता. डाय क्रॅक अगदी खरा, आणि किंमत दोन रुपये! ते नाणे अजून त्याच्या कंपासपेटीत आहे. आता कुणी एरर कॉइनचा व्हिडिओ दाखवला की तो आधी विचारतो, "रेघ वर आहे की खाली?"

तुमच्या खिशातल्या नाण्यांवर काय दिसते? आज जरा निरखून बघा.