गळका नळ आणि आमची विद्या

यंदाच्या वैशाखात आमच्या मोरीतला नळ गळू लागला. सेकंदाला एक थेंब, अशी गती. मास्तरकीच्या सवयीने मी हिशेब मांडला. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला सव्वाचार लिटर आणि महिन्याला सुमारे १३० लिटर पाणी जात होते. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसामागे दिवसाला ५५ लिटरांचे माप धरले आहे. म्हणजे दोन माणसांच्या एका दिवसाच्या वाट्याहून अधिक पाणी मी दरमहा मोरीतून सोडून देत होतो. आणि तेही गुहागरात! इथे पावसाळ्यात आभाळ फाटते. पण जांभ्याच्या सच्छिद्र दगडातून पाणी झिरपून जाते आणि मे महिन्यात विहिरी तळ दाखवतात.

हिशेब अचूक आला. नळ मात्र गळतच राहिला. आम्हा शिकलेल्यांची सारी कथा या दोन वाक्यांत आली.

प्लंबरला निरोप धाडला. तो पर्यटकांसाठी बांधलेल्या नव्या खोल्यांच्या कामात गुंतला होता. चौथ्या दिवशी मी स्वतःच पाना हाती घेतला. शेजारचे आप्पा पडवीतून म्हणाले, "अहो मास्तर, हे का तुमचे काम? एवढ्याशा वायसरपायी हात कशाला बरबटवता?" त्यांच्या स्वरात कळकळ होती, आणि मला राग आला तो त्या कळकळीचाच. ज्ञानेश्वरी वाचणाऱ्या हातांनी मोरीत शिरू नये, ही समजूत किती मायेने जपली जाते पाहा!

नळ दुरुस्त करण्याचे काम तसे सोपे. टाकीची चावी बंद करावी, नळाची मुंडी आटे फिरवून काढावी, तळाशी झिजलेला रबरी वायसर बदलावा आणि मुंडी पुन्हा बसवावी. मी पहिल्याच पायरीला चुकलो. भलतीच चावी बंद केली. मुंडी हाती आली आणि पाण्याचा फवारा माझ्या चष्म्यावर. सौभाग्यवती बादली घेऊन धावल्या, हसल्याही. दुसरी चूक याहून मोठी. मुंडी घट्ट करताना मी एकाच पान्याने जोर लावला, तेव्हा नळाबरोबर भिंतीतला पाइपही पिळला गेला. सांधा सुटला. थेंबाची धार झाली.

संध्याकाळी प्लंबर आला. तो माझा जुना विद्यार्थी. नववीत भूमितीला नापास झाला आणि शाळा सुटली. त्याच्या प्रगतिपुस्तकावर 'लक्ष नाही' असा शेरा मीच मारला होता. त्याने सांधा पाहिला, एका पान्याने पाइप धरून ठेवला आणि दुसऱ्याने नळ फिरवला. "गुरुजी, एक हात धरायला, एक फिरवायला," तो म्हणाला. मग पांढरी फीत आट्यांच्या दिशेने गुंडाळताना म्हणाला, "उलटी गुंडाळली तर आवळताना उलगडते." दिशा, कोन, बल आणि प्रतिबल! मी खडूने फळ्यावर जे शिकवीत होतो, ते त्याच्या बोटांना येत होते. 'लक्ष नाही' हा शेरा खरे तर माझ्या नावापुढे हवा होता.

आम्ही पूर्वीपासून असे पांगळे नव्हतो. गुहागरच्या वाड्यांत रहाट फिरत होते, तेव्हा लोटा फुटला तर घरचाच माणूस नवा बांधी. पोफळीचे खोड चिरून, पोखरून पन्हळ करणे आणि विहिरीचे पाणी झाडांच्या आळ्यांपर्यंत नेणे, ही नळजोडणी नाही तर काय? मिरगापूर्वी घर शाकारायला सारे घर राबत असे. आता घरोघरी नळ आले आणि त्यांच्याबरोबर परस्वाधीनताही आली.

याच जिल्ह्यात एक उच्चशिक्षित माणूस होऊन गेला. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम मागितले. ते नाकारले गेले, तेव्हा त्यांनी उपवास आरंभला आणि त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्यात गांधीजींनीही अन्न सोडले. पुढे कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेबांनी संडासांचे प्रयोग केले. त्यांचे नाव आम्ही भाषणात घेतो. पाना मात्र दुसऱ्याच्या हाती देतो.

कोणी म्हणेल, मास्तरांनीच नळ बसवले तर प्लंबरने खावे काय? माझा अनुभव उलटा आहे. गेल्या वर्षी याच मुलाशी मी चाळीस रुपयांसाठी घासाघीस केली होती. यंदा त्याने सांगितले तेवढे पैसे निमूट दिले, कारण पाच तास मोरीत उकिडवे बसून त्या कामाचे मोल मला कळले होते. हात लावून पाहिल्यावाचून श्रमाची किंमत कळत नाही. कामाची मर्यादाही तेव्हाच कळते. विजेच्या तारा आणि गॅसची नळी यांच्याशी हौशी माणसाने खेळू नये. मैल्याच्या टाकीत तर स्वतःही उतरू नये आणि दुसऱ्यालाही उतरवू नये. २०१३ च्या कायद्याने ते निषिद्ध आहे, आणि तिथला वायू जीव घेतो.

माझे भांडण आहे ते शाळेशी, म्हणजे पर्यायाने माझ्याशीच. १९३७ साली वर्ध्याला नई तालीमचा विचार मांडला गेला. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव सुचवला. २०२० च्या धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले. कागदावर काही कमी नाही. पण कार्यानुभवाच्या तासाला मुले कागदी फुले करतात. परीक्षा जवळ आली की तोही तास गणिताला जातो. तो मागून घेणारा मास्तर मीच. मुलाला द्विघाती समीकरण यावे, हे योग्यच. पण घरात पाणी घुसले असता मुख्य चावी कोठे आहे, हे त्याला ठाऊक नसावे, ही कसली विद्या?

आमच्या शाळेच्या आवारातही एक नळ गळतो. त्याखाली कोणी तरी बादली ठेवली आहे आणि ती भरली की शिपाई झाडांना घालतो. एवढ्यावर आम्हा सर्वांचे समाधान आहे. दिवाळीची सुट्टी संपली की पहिल्या सोमवारी नववीच्या वर्गाला मी तिथे नेणार आहे. त्या मुलालाही बोलावले आहे. शिकवील तो, आणि मी मुलांत बसेन. दोन पाने मी विकत घेऊन ठेवले आहेत.