पदवी हाती, तरी नर्सिंग पहिल्यापासून?

आपल्या वस्त्यांत बी.ए., बी.कॉम. झालेल्या कितीतरी मुली कामाविना घरी आहेत. अमेरिकेत अशा पदवीधरांसाठी नर्सिंगची वेगळी वाट आहे. शरीरशास्त्रासारखे विज्ञान विषय आधी पूर्ण करायचे. मग जुन्या पदवीतले सामान्य विषय धरून साधारण १२ ते १८ महिन्यांत नर्सिंगची पदवी मिळते. वॉर्डातले काम आणि परवान्याची परीक्षा मात्र कुणालाच माफ नाही.

आपल्याकडे ही सोय नाही. बारावीला विज्ञान नसेल तर बी.एस्सी. नर्सिंगचे दार बंद. उरते ३ वर्षांचे जी.एन.एम., त्यानंतर २ वर्षांचे पोस्ट बेसिक. बी.ए. धरून ८ वर्षे!

या अडचणीवरच ‘सहा महिन्यांत नर्स व्हा’ असल्या पाट्यांचा धंदा चालतो. तसल्या प्रमाणपत्रावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी होत नाही. आई-बाबांनो, फी भरण्याआधी कौन्सिलची मान्यता तपासा. जी.एन.एम. लांबचे वाटले तरी खरे आहे.

आम्ही वॉर्डात राबलेल्या परिचारिका म्हणतो, पदवीधरांसाठी कमी मुदतीचा, पण प्रशिक्षणात काटछाट नसलेला अभ्यासक्रम सरकारने सुरू करावा. सोबत शिष्यवृत्ती आणि विद्यावेतनही हवे. अशा अभ्यासक्रमाचा वेग इतका असतो की शिकता शिकता नोकरी जमत नाही. घरात कमावणारे एकच माणूस असेल, तर विद्यावेतनाशिवाय ही वाटही पैसेवाल्यांचीच होईल. महिला मंडळांनी, विहारांनी ही मागणी ठराव करून आमदारांपर्यंत न्यावी.

जय भीम!