आचार्यांची पाच कर्तव्ये

दीघनिकाय या बौद्ध ग्रंथातील सिगालोवाद सुत्त गृहस्थांसाठी सांगितलेले आहे. राजगृहाचा सिगाल हा तरुण वडिलांच्या शब्दाखातर रोज सकाळी सहा दिशांना नमस्कार करीत असे. बुद्धांनी त्याला या दिशांच्या जागी सहा नाती दाखवली: आईवडील, आचार्य, पत्नी, मित्र, कामकरी आणि श्रमण. प्रत्येक नात्यात दोन्ही बाजूंवर कर्तव्ये सोपवलेली आहेत.

शिष्याने आचार्यांचा मान राखावा, सेवा करावी, लक्षपूर्वक ऐकावे आणि विद्या मनापासून घ्यावी. आचार्यांनी शिष्याला उत्तम वळण लावावे, शिकवलेले त्याच्याकडून नीट ग्रहण करवून घ्यावे, हातचे राखून न ठेवता सर्व विद्या द्यावी, आपल्या स्नेह्यांत त्याची ओळख करून द्यावी आणि त्याच्या सुरक्षिततेची सोय करावी. यातले दुसरे कर्तव्य शिक्षकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. अभ्यासक्रम पूर्ण झाला, एवढ्याने ते पार पडत नाही. मुलाला समजले का, हे पाहणे हाही शिकवण्याचाच भाग ठरतो.

समजण्याच्या पायऱ्याही बौद्ध परंपरेने सांगितल्या आहेत. प्रज्ञा तीन प्रकारची: ऐकून आलेली, विचार करून आलेली आणि अभ्यासाने मुरलेली. अपूर्णांकांच्या बेरजेची रीत फळ्यावरून उतरवून घेणे ही पहिली पायरी. छेद समान का करायचे, हे स्वतःच्या शब्दांत सांगता येणे ही दुसरी. नवे उदाहरण समोर येताच रीत आपोआप सुचणे ही तिसरी. तासाचा सगळा वेळ पहिल्या पायरीवर गेला, तर उरलेल्या दोन पायऱ्या गृहपाठावर आणि शिकवणीवर ढकलल्या जातात.

समजून घेताना मुले प्रश्न विचारतात; ते हाताळण्याची रीत अंगुत्तरनिकाय या बौद्ध ग्रंथात आहे. काही प्रश्नांना थेट उत्तर द्यावे, काहींची फोड करून उत्तर द्यावे, काहींना प्रतिप्रश्न करावा आणि काही बाजूला ठेवावेत. पाणी किती अंशांना उकळते, हा प्रश्न दुसऱ्या प्रकारचा आहे: समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सिअस, महाबळेश्वरला त्याहून कमी. प्रश्नाचा प्रकार ओळखणारा शिक्षक मुलाला उत्तराबरोबर विचार करण्याची पद्धतही देतो.

सिगालोवाद सुत्त कामकऱ्यांच्या मालकाची कर्तव्येही सांगते: शक्ती पाहून काम द्यावे, योग्य वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, वेळेवर सुट्टी द्यावी. वेळापत्रक आखणाऱ्या आणि अशैक्षणिक कामे वाटून देणाऱ्या मुख्याध्यापकांना हे तंतोतंत लागू पडते. थकलेल्या शिक्षकाकडून नीट ग्रहण करवून घेण्याची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे.

या तत्त्वांना वेगळा तास किंवा निधी लागत नाही. प्रत्येक तासाची शेवटची पाच मिनिटे मुलांनी शिकलेले स्वतःच्या शब्दांत सांगण्यासाठी राखून ठेवावीत आणि पुढचा धडा त्यांच्या उत्तरांवरून ठरवावा. शिक्षकांनी या सत्रापासूनच ही सुरुवात करावी.