‘मला माहीत नाही’ नावाचा प्राणी

शाळेच्या स्मरणिकेत शिक्षकाने स्वतःच्या चुकीची कबुली द्यावी, हे कदाचित औचित्याला धरून नसेल, तरीही लिहितो. ‘कांगारू’ शब्दाचा उगम म्हणून मी अनेक वर्षे वर्गात एक गोष्ट सांगत आलो. कॅप्टन कुकने ऑस्ट्रेलियात उड्या मारणारा प्राणी पाहिला, तेथील आदिवासी माणसाला त्याचे नाव विचारले. तो आपल्या भाषेत ‘मला माहीत नाही’ असे म्हणाला आणि तेच नाव रूढ झाले. मुले खळखळून हसत. मीही हसत असे.

ही गोष्ट खोटी आहे. १७७० मध्ये कुकचे ‘एन्डेव्हर’ जहाज प्रवाळखडकावर आदळले आणि दुरुस्तीसाठी आजच्या कुकटाउन येथे सुमारे सात आठवडे थांबले. तेथील गूगू यिमिथिर लोकांकडून कुक आणि निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांनी हा शब्द टिपला. ‘गंगुरू’ हे त्यांच्या भाषेत कांगारूच्या एका विशिष्ट जातीचे नाव. १८२० मध्ये त्याच ठिकाणी फिलिप पार्कर किंग यांना वेगळा शब्द मिळाला आणि कुकच्या नोंदीविषयी शंका बळावली. अखेर १९७० च्या दशकात जॉन हॅविलँड या अभ्यासकाने त्या लोकांत राहून त्यांची भाषा शिकून घेतली. शब्द जागच्या जागी होता.

मला सलते ते हे, की ज्याने अचूक उत्तर दिले तोच या गोष्टीत अडाणी ठरला. अज्ञान होते ते विचारणाऱ्यांकडे. त्या खंडात अडीचशेच्या आसपास भाषा बोलल्या जात. १७८८ मध्ये सिडनीला वसाहत करणाऱ्या इंग्रजांनी उत्तरेकडचा हा शब्द तेथील लोकांपुढे वापरला. त्यांना तो सर्वस्वी अपरिचित होता. पुढे जहाजातून गाई उतरल्या, तेव्हा कोलबी नावाच्या स्थानिकाने वॉटकिन टेंच या अधिकाऱ्याला विचारले, ‘हे कांगारू का?’ यात कोणाला हसायचे, ते वाचकांनीच ठरवावे.

डिंगो, वॉम्बॅट, कोआला ही नावे सिडनी परिसरातल्या भाषेतली. कोआलाला इंग्रजांनी अस्वल म्हटले. तो अस्वल नव्हे. क्वोल या प्राण्याचे नाव तर कुकच्याच मुक्कामात नोंदले गेले होते, तरी वसाहतवाल्यांनी त्याला ‘देशी मांजर’ करून टाकले. मूळ नाव परत रुळले ते विसाव्या शतकात.

यंदा सहावीच्या वर्गात मी जुनी गोष्ट सांगितली आणि मग ती खोडली. एका मुलीने विचारले, “सर, त्या लोकांची नावे कोणी लिहून ठेवली का?” बँक्सच्या दैनंदिनीत जुलै १७७० ची एक नोंद आहे. नवा सोबती बरोबर आणला की ते लोक आवर्जून त्याचे नाव सांगून ओळख करून देत. त्या दिवशी आलेल्याचे नाव होते यापारिको. मी ते फळ्यावर लिहिले.